फोटो उजळू या, बायकांना गोरं नको करू या
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



मोर्चा असो, धरणं असो, आपले फोटो आता मोबाईलवरच निघतात आणि अहवालात, पोस्टरवर जातात. त्यांची साधी दुरुस्ती आपणच शिकायला हवी. मोबाईलमधलं 'एडिट' त्याला पुरतं. संगणकावर गिम्प फुकट मिळतं.

आधी मूळ फोटो बाजूला ठेवा, प्रतीवर काम करा. जेपीजी फोटो बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा बिघडतो.

मग फोटो सरळ करा, कडेचा पसारा कापा. कापताना कोण बाहेर जातं तेही बघा. मंचावरच्या पाहुण्या राहिल्या आणि सतरंजीवरच्या बायका गेल्या, असं नको.

पाठीमागे लख्ख आकाश असलं की चेहरे काळे येतात, कारण कॅमेरा सगळ्या उजेडाचा मिळून हिशेब करतो. अशा वेळी सगळा फोटो पांढरा करू नका. 'शॅडो'ची पट्टी थोडी सरकवा. डोळे, सुरकुत्या, गोंदण दिसू लागलं की थांबा. 'ब्यूटी' फिल्टर बंदच ठेवा. तो कातडी गुळगुळीत, गोरी करतो. गोरेपणाच्या क्रीमला विरोध करणाऱ्या आपण तेच काम बोटानं का करायचं? कोडॅकच्या रंग जुळवायच्या 'शर्ली कार्डां'वरही अनेक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असे.

मारहाणीच्या खुणांच्या फोटोंना मात्र हात लावू नका. उजेडसुद्धा वाढवू नका. मूळ फाईल आणि तो मोबाईल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, वेळेची आणि ठिकाणाची नोंद गळते. अशा पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं; वकील मैत्रिणीला वेळेवर विचारा.

बलात्कार सोसलेल्या स्त्रीची ओळख तिच्या लेखी परवानगीशिवाय छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२नुसार गुन्हा आहे. चेहरा नुसता धूसर करून भागत नाही. त्यावर पक्का काळा चौकोन टाका. साडी, घराचं दार, शाळेची पाटी यांवरूनही गाव ओळखतं. फाईलमधली ठिकाणाची नोंदही काढा.

आणि शेवटचं. छापण्याआधी फोटो तिला दाखवा. कसं दिसायचं, दिसायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.