जिभेची गाठ आणि मनाची उदासी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)





आज वक्तृत्व स्पर्धेची बक्षिसे वाटली गेली. ती मिळवणाऱ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. पण मला बोलायचे आहे ते त्या स्पर्धेत ज्यांनी नावच दिले नाही त्यांच्याविषयी. त्यांतही अशा मुलामुलींविषयी, की ज्यांना विषय येतो, शब्दही येतात, पण शब्द ओठांवर येऊन अडतो. आपण त्यांना तोतरे म्हणतो, घरात कोणी हकला म्हणते; उर्दूत लुकनत हा त्यातल्या त्यात अदबीचा शब्द आहे. माझा व्यवसाय मानसोपचाराचा, वाचोपचाराचा नव्हे. तरीही हा विषय मी घेतला, कारण ही माणसे बोलण्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येत नाहीत. झोप लागत नाही, जीव कशात रमत नाही, असे सांगत येतात. खरे दुखणे तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर पडते.

मूल दचकले, कोणी भीती घातली, नजर लागली, म्हणून ते तोतरे झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मग वेखंड उगाळून जिभेला लावणे, तावीज बांधणे, जिभेखालची शीर कापून घेणे असे उपाय होतात. आपणच अडाणी आहोत असे मात्र कोणी समजू नये. १८४१ साली बर्लिनमध्ये डीफेनबाख नावाच्या नामांकित शल्यविशारदाने तोतऱ्या माणसांच्या जिभांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या! वास्तविक दोष जिभेत नसतो, आणि मुळात तो मनाचाही विकार नसतो. बोलण्याचा मेळ बसवणाऱ्या मेंदूच्या रचनेत तो असतो व पुष्कळदा घराण्यात चालत येतो. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेनिस ड्रेना यांच्या पथकाने पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास करून तोतरेपणाशी संबंधित जनुकांतील बदल प्रथमच दाखवून दिले. पेशीतल्या टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावण्याच्या कामाशी या जनुकांचा संबंध आहे. सगळ्याच तोतऱ्यांत हे बदल सापडतात असे नाही, थोड्यांतच सापडतात. (आपसांतील लग्नांमुळे तोतरेपणा येतो, असा निष्कर्ष त्या अभ्यासाचा नव्हता, हेही सांगून ठेवतो.)

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. मेलबर्न शहरात सोळाशेहून अधिक बालकांवर त्यांच्या आठव्या महिन्यापासून लक्ष ठेवण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे चौथ्या वर्षापर्यंत त्यांपैकी सुमारे ११ टक्के मुले अडखळू लागली होती. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ही मुले इतरांपेक्षा भित्री किंवा घुमी नव्हती. भाषेच्या चाचण्यांत तर ती सरासरीपेक्षा थोडी सरसच निघाली. बहुतेक मुले पुढे आपोआप सुधारतात. प्रौढ वयात शंभरात एखादाच तोतरा उरतो, आणि त्यांत पुरुष स्त्रियांच्या सुमारे चौपट असतात.

आता दुसरी बाजू पाहा. उपचारासाठी आलेल्या तोतऱ्या प्रौढांच्या निरनिराळ्या पाहण्या झाल्या आहेत. चार लोकांत जाण्याचे, बोलण्याचे विकाराच्या पायरीला पोचलेले भय त्यांत पाचांत एकापासून ते निम्म्याहून अधिक जणांत आढळले. अमेरिकेतील तरुणांच्या एका मोठ्या पाहणीची माहिती तपासून २०२१ साली असे दाखवण्यात आले, की तोतऱ्या तरुणांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, आणि मुलग्यांत जीव नकोसा होण्याचे विचारही.

चार वर्षांचे हसरे पोर विसाव्या वर्षी असे का होते? या सोळा वर्षांत त्याच्या मेंदूपेक्षा त्याच्या भोवताली अधिक काही घडलेले असते, असे माझे मत आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या वतीने १९३९ साली एका अनाथालयातील २२ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी सहा मुले अगदी नीट बोलणारी होती. तुमचे बोलणे बिघडले आहे, चुकणार असाल तर बोलूच नका, असे त्यांना वारंवार सांगण्यात आले. ती मुले तोतरी झाली नाहीत, परंतु गप्प झाली. लाजू लागली, वर्गात उत्तर देईनाशी झाली. विद्यापीठाने २००१ साली या प्रयोगाबद्दल माफी मागितली. तेथे जे मुद्दाम केले गेले तेच आपण 'आधी नीट बोल, मग सांग' असे म्हणून प्रेमापोटी करतो, हे मला आईबापांना सांगितले पाहिजे.

एक तरुण माझ्याकडे येत असे. त्याचे गाव महाडजवळ. मुंबईहून एसटीने जाताना त्याला 'महाड' म्हणता येत नसे, म्हणून तो पोलादपूरचे तिकीट काढी आणि महाडला उतरे. जास्तीचे पैसे तो बोलण्याची पट्टी म्हणून भरत होता! हॉटेलात जे उच्चारता येईल ते खाई. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने कॉलेज सोडले आणि घरी सांगितले, की अभ्यास झेपत नाही. पुढे तो जुम्याच्या नमाजलाही सर्वांच्या शेवटी जाऊन सर्वांच्या आधी निघू लागला, कारण लोक खुशाली विचारतात. जेवण तुटले, पहाटे तीनला जाग येऊ लागली. घरात लग्नाची बोलणी निघाली तेव्हा त्याला एकच धास्ती होती, की काझीसाहेबांसमोर 'कबूल' हा शब्द निघेल का? ही धास्ती ऐकून त्याचे थोरले चुलते हसले. त्या रात्रीनंतर तो माझ्याकडे आला.

जोसेफ शीहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला पाण्यातल्या हिमनगाची उपमा दिली होती. शीहन स्वतः तोतरे होते. अडखळणे हा वर दिसणारा भाग. लाज, भीती, अपराधीपणा हा खालचा मोठा भाग. मी तोतरेपण आणि नैराश्य यांचा संबंध सांगतो तो असा. उदासीमुळे माणूस तोतरा होत नाही. पण उदास दिवशी, झोप न झालेल्या दिवशी तो अधिक अडखळतो, आणि अधिक अडखळला की अधिक उदास होतो. हे रहाट एकदा फिरू लागले की केवळ एका बाजूने थांबवता येत नाही. बोलणे सुधारले की मन आपोआप सुधारेल, ही आशा पुष्कळदा फोल ठरते. नैराश्याच्या गोळीने तोतरेपण जाईल असेही नाही. तोतरेपणावर म्हणून मान्यता मिळालेले औषध अजून नाही. वाचोपचारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांकडे जावे लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची दुआ आपल्यातील पुष्कळांना पाठ असते. सूरह ताहामध्ये ती आहे. अनेक मुफस्सिरांनी त्यांच्या वाणीत अडथळा होता असे म्हटले आहे. त्या दुआचा क्रम मला नेहमी विचारात पाडतो. जिभेची गाठ सुटावी ही मागणी त्यात आहे, पण ती पहिली नाही. छाती मोकळी व्हावी ही मागणी तिच्याआधी आहे. आणि नंतर भाऊ हारून यांना सोबतीला मागितले आहे. जगातल्या एका मोठ्या पैगंबराने बोलण्याच्या कामात मदतनीस मागितला व तो दिला गेला. मग आपल्या दहावीतल्या मुलाने मदत मागितली तर त्याला लाजवणारे आपण कोण?

मदत आपल्या जवळच आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाचा व श्रवण यांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिला आपल्या राज्याचे एके काळचे राज्यपाल आणि अलीगढचे माजी कुलगुरू अली यावर जंग यांचे नाव आहे. म्हैसूरला तशीच मोठी संस्था आहे. लहान मूल सहा महिन्यांहून अधिक काळ अडखळत असेल, तर 'मोठेपणी जाईल' म्हणत बसू नये. शाळेत जाण्यापूर्वीचे वय उपचाराला सर्वांत चांगले. मन फारच खचले असेल, तर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली मानस सेवा विनामूल्य मिळते.

गुरुजनांना माझी विनंती थोडकी आहे. हजेरीला 'हजर' म्हणण्याऐवजी हात वर केला तर चालवून घ्यावे. बहुतेक तोतरी मुले सर्वांबरोबर एका सुरात वाचताना, किंवा लयीत तिलावत करताना मुळीच अडखळत नाहीत. तेव्हा नाझराच्या वर्गात अशा मुलाला आधी सोबतीने वाचू द्यावे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याच्या चेहऱ्याकडे पाहत थांबावे. फार तर अर्धे मिनिट जाते. तोंडी परीक्षा वेगळ्या खोलीत घेण्याचा अधिकार मुख्याध्यापकांनी वापरावा, आणि पुढील वर्षी वक्तृत्व स्पर्धेतील वेळेची घंटा अशा स्पर्धकासाठी वाजवू नये, एवढे व्यवस्थापक मंडळाने आजच ठरवले तर मला या व्यासपीठावर आल्याचे समाधान वाटेल.