पेटीतली गोळी



रोवणा आटोपला की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची दुखणी वर येतात. पंधरा दिवस बांधीत वाकून काढले की गुडघे आणि कंबर बोलू लागतात. मग बाजाराच्या दिवशी कोणी सुई टोचून घेतो, कोणी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणतो. बी.पी.ची आणि साखरेची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते. ताप आला तर उपकेंद्र आहे, आशाताई आहे. आणि मन फारच खचले, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तर भामरागड-एटापल्लीकडचा माणूसही गडचिरोलीचे किंवा चंद्रपूरचे मोठे रुग्णालय गाठतो व उदासीवरची गोळी घेऊन परततो. औषध देणारे चार, घेणारा एक. आणि त्या चौघांची एकमेकांशी गाठ नाही.

घरी या साऱ्या गोळ्या एका थैलीत खुंटीला टांगलेल्या असतात. उदासीवरची मात्र पेटीत, लुगड्याखाली. गाव तिला ‘डोक्याची गोळी’ म्हणते. आपल्याला कोणी पागल म्हणेल या भयाने म्हातारी ती कोणाला दाखवीत नाही. डॉक्टरांनी विचारले, “आणखी काही औषध चालू आहे का?” तर उत्तर येते, “नाही जी.” मला आज बोलायचे आहे ते या ‘नाही जी’विषयी.

आधी हे ध्यानात घ्या, की उदासी हा आजार आहे आणि तिच्यावरची गोळी उपयोगी आहे. तिचा गुण यायला दोन-चार आठवडे, म्हाताऱ्यांत कधी त्याहून अधिक काळ लागतो. पण वय झाले की मूत्रपिंड मंदावते, औषध अंगात जास्त वेळ राहते, आणि दोन औषधे एकमेकांच्या वाटेत येतात.

समजा, एका आजीला बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. तिला उदासीवर एस्सिटालोप्राम किंवा सरट्रालिन सुरू झाले. दोन्ही औषधांनी रक्तातले मीठ, म्हणजे सोडियम, उतरू शकते. पहिल्या काही आठवड्यांत हा धोका जास्त. त्यात चंद्रपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे निघते. आजी सुस्त होते, मळमळते, तोल जातो, नातवाचे नाव चुकते. घरचे म्हणतात, वय झाले. कोणी म्हणते, बाहेरचे काही लागले. आणि खरे कारण रक्ताच्या एका साध्या तपासणीत दिसले असते! अशा वेळी मनाने मीठ चारू नका, त्याने बी.पी. बिघडेल. आजीला गोळ्यांसकट त्याच दिवशी दवाखान्यात न्या. झटका आला किंवा ती हाकेला ओ देईना, तर घटकाभरही थांबू नका.

दुसरी जोडी दुखण्याच्या गोळीची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी पोटाच्या आतल्या अस्तराला इजा होते. वर सांगितलेल्या उदासीवरच्या गोळ्यांनी रक्त गोठण्याची शक्ती थोडी कमी होते. दोन्ही एकत्र आल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच डांबरासारखे काळे झाले तर तो इशारा समजा. ट्रॅमाडॉल नावाची दुखण्याची गोळी तर या गोळ्यांबरोबर विचारल्याशिवाय घेऊच नये. थरथर, ताप आणि घाबरेपणा येऊन जिवावर बेतू शकते. बिनचिठ्ठीच्या पुडीत काय आहे, हे तर देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आपल्या जंगलपट्ट्यात हिवताप आहे, म्हणून आणखी एक. क्लोरोक्विन आणि एस्सिटालोप्राम, दोन्हींचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर होऊ शकतो. याचा अर्थ हिवतापाची गोळी टाळा असा नव्हे. ती घ्यायचीच, पण देणाऱ्याला दुसरी गोळी सांगून.

अमिट्रिप्टिलिन हे जुने औषध. 1991 साली मार्क बिअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, तीत ते होते. त्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते. वर सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली की हे सारे वाढते. झोपेची गोळी किंवा मोहाची दारू त्यात पडली, तर रात्री उठताना माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते.

मात्र हे ऐकून कोणी उद्या गोळी बंद करू नका. एकदम सोडल्याने चक्कर, बेचैनी येते आणि उदासी परत उलटते. कमी करायची ती डॉक्टरांनी, हळूहळू.

शिक्षक मित्रांनो, येथे तुमचे काम आहे. कित्येक घरांत पाकिटावरचे नाव वाचणारा फक्त तुमचा विद्यार्थी असतो. त्याला वहीचे एक पान द्या: गोळीचे नाव, किती वेळा, कोणी दिली, केव्हापासून. पेटीतली गोळी धरून सगळ्या गोळ्या त्यात याव्यात. मात्र ते पान वर्गात वाचून दाखवायचे नाही, हे त्याला आधी बजावा. नाही तर आजी पुन्हा पेटी बंद करील. पुढच्या वेळी जो कोणी डॉक्टर भेटेल, त्याच्यासमोर ते पान आणि सगळी थैली टेबलावर ओतायची.

जिल्हा रुग्णालय लांब असेल आणि मनाच्या आजाराविषयी विचारायचे असेल, तर 2022 सालापासून सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा आहे. क्रमांक 14416. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. फोन लावताना थैली आणि पेटीतली गोळी, दोन्ही समोर घेऊन बसा.