जातं थांबलं, बोलणं थांबायला नको

दुपारची भांडी उरकून कुणी सूप घेऊन निवडत बसल्या असाल, कुणी शिलाई मशीनवर असाल. हात चालू राहू द्या. आजचा विषयच असा आहे, की तो हात चालू असतानाच बायकांना सुचत आला.

विषय आहे मनातलं बोलण्याचा. गाण्यातून, लिहिण्यातून, चित्रातून. हे शब्द ऐकले की आपण लगेच म्हणतो, "ही रिकाम्या माणसांची कामं. आम्हाला कुठे वेळ?" पण आपल्या आज्या-पणज्यांना तर आपल्याहून कमी वेळ होता. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी उठायचं आणि घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ दळायचं. त्यांनी त्याच दळणात ओवी गायली. वेळ मिळाला म्हणून गायली नाही. गायल्याशिवाय तो दिवस निघाला नसता, म्हणून गायली.

ही गोष्ट किती जुनी आहे बघा. चालुक्य राजा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' नावाचा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली 1290 साली. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीपासून आपल्या बायका मुसळाच्या तालावर ओवी म्हणत होत्या.

जात्यावर असं काय होतं, की तोंड आपोआप उघडायचं? एक तर ताल. जातं फिरायला लागलं की श्वासाला लय यायची. दुसरं म्हणजे जोडीदारीण. जावा, नणंदा, मायलेकी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या हातात. एकीनं ओवी टाकली की दुसरी उचलायची. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. सासऱ्यासमोर जिला मान वर करायची मुभा नव्हती, ती सून पहाटे मोठ्यानं गायची. माहेरची आठवण, सासरचा जाच, भावाची वाट, वनवासातली सीता, सखा पांडुरंग, सगळं त्यात यायचं. पुढे काही वस्त्यांमध्ये त्याच ओवीत बाबासाहेब आंबेडकर आले. अंथरुणात पडलेलं सगळं घर ते ऐकायचं. पण ओवीला जाब कोण विचारणार? ती बाई कुणाला उलटून बोलत नव्हती, ती दळत होती.

मग गावात पिठाची गिरणी आली. चांगलंच झालं. दळून दळून खांदे भरून यायचे, हाताला घट्टे पडायचे. ते दिवस परत यावेत असं आम्ही कुणीच म्हणणार नाही. पण कष्टांबरोबर एक जागाही गेली. गिरणीवर डबा ठेवायचा, नंबर लावायचा, पीठ घेऊन यायचं. तिथे कोण कुणाशी मनातलं बोलणार? जातं गेलं, पण मनात साठणारं साठतंच आहे.

बहिणाबाई चौधरींचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म 1880 चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, घरात कुणीतरी ती गाणी उतरून घेतली, म्हणून ती राहिली. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आता विचार करा, वही-पेन्सिल घेऊन ऐकणारं कुणी घरात नसतंच तर? अशा किती बहिणाबाई आपापल्या गाण्यांसकट गेल्या असतील?

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी हे ओळखलं. मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणारणीचं नाव आणि तिचं गावही लिहून ठेवलं. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर बाईचं गाणं "लोकगीत" होतं आणि बाई नाहीशी होते.

लिहिता येणाऱ्या बाईलाही हे सोपं नव्हतं. फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकान चालवायच्या. सामान बांधायला आलेली रद्दी त्या वाचायच्या आणि गुपचूप लिहायच्या. घरातल्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी लिहिलेलं कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं. त्यातूनच 'जिणं आमुचं' हे पुस्तक आलं. तो कागद चुलीत गेला असता, तर एका अख्ख्या समाजातल्या बायकांचं जगणं आपल्याला कळलं नसतं.

आणि शब्दच हवेत असंही नाही. डहाणूकडे वारली घरात लग्न असलं, की सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्याचा कुठला तुकडा कुठे लावायचा, हे आपणच ठरवतो ना? ते ठरवणंही बोलणंच आहे.

आमच्या गटातल्या बायकांनी गेल्या वर्षभरात एक काम हाती घेतलं. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे जायचं आणि ओव्या फोनमध्ये भरून घ्यायच्या. बहुतेक जणी आधी म्हणतात, "आता काय आठवतंय गं?" नुसतं समोर बसून विचारलं तर खरंच आठवत नाही. पण कोपऱ्यातलं जातं पुसून, मूठभर ज्वारी घालून खुंटा हातात दिला, की दोन फेऱ्यांत ओवी येते. एक आजी गाता गाता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्या लेकीला पण ठाऊक नाही." लेक दारातच उभी होती. तिनं येऊन दुसऱ्या बाजूनं खुंटा धरला.

तुम्हालाही हे करता येईल. आधी विचारा, "भरून घेऊ का?" नको म्हणाल्या तर नुसतं ऐका. नाव, गाव, माहेर त्यांच्याच तोंडून म्हणून घ्या. मध्ये बोलू नका. शब्द शुद्ध करू नका, जसा येईल तसाच ठेवा. आणि भरून झालं की त्यांना परत ऐकवा. आपलाच आवाज ऐकताना त्यांचा चेहरा बघा.

पण आज्यांचं जपलं म्हणजे आपलं काम संपलं, असं नाही. आपलं स्वतःचं कोण सांगणार? भाषणासारखं लिहायचं नाही. लेकीच्या वहीचं मागचं कोरं पान घ्या, रात्री दोन ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर फोनमध्ये बोला. आज कशाचा राग आला, कशाचं हसू आलं, एवढंच. आणि घरातली सून, मुलगी, सासू काही सांगायला लागली, तर हातातलं काम न थांबवता का होईना, पण तिचं शेवटपर्यंत ऐका. जात्याचं निम्मं काम तेच होतं, समोर कुणीतरी असणं.

दोन ओळी जमल्या, तर आपल्या रेडिओकडे पाठवा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. आम्ही वाचून दाखवू. ऐकणाऱ्या आपण आहोतच.