शाळेंतलें बीजगणित आणि श्रीराम अभ्यंकर



अंबरनाथ-बदलापुराकडील श्रोत्यांना रेल्वेचें फाटक परिचयाचें आहे. रूळ व रस्ता एका ठिकाणीं छेदतात आणि खोळंबा होतो. पूल बांधला, कीं रस्ता वरून जातो, रूळ खालून. नकाशावर मात्र ते छेदलेलेच दिसतात. बीजगणितांतील समीकरणांनीं रेखाटलेल्या वक्रांत व पृष्ठांत असेच पेचाचे बिंदु असतात. ते सारे असे उंचावून सोडवितां येतील काय, हा श्रीराम शंकर अभ्यंकर यांच्या आयुष्याचा प्रश्न.

१९३० सालीं उज्जयिनीस जन्मलेले अभ्यंकर मुंबईंत शिकून हार्वर्डला गेले. तेथील त्यांचे गुरु ऑस्कर झरिस्की यांनीं नेहमींच्या संख्यांपुरता पृष्ठांचा पेच सोडविला होता. परंतु घड्याळाप्रमाणें ठराविक अविभाज्य संख्येपाशीं पुन्हा शून्यावर येणाऱ्या अंकांच्या जगांत गुरूंची रीत चालेना. शिष्यानें बहुपदांचे चिवट हिशेब करून तो उलगडला. १९५६ सालीं तें काम प्रसिद्ध झालें.

पुढें पर्ड्यू विद्यापीठांत, अमूर्त सिद्धांतांच्या भरभराटीच्या काळांतहि, त्यांनीं शाळेंतल्या बीजगणिताचाच कैवार घेतला. १९७६ सालीं पुण्यास भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिलें. २०१२ सालीं ते निवर्तले.

त्या घड्याळी जगांत चार व अधिक मितींच्या पेचाची सर्वमान्य उकल अद्याप झालेली नाहीं. बीजगणित पुढें कशाला लागतें, असें घरांतील मुलांनीं विचारलें, तर त्यांना हा उरलेला प्रश्न अवश्य सांगावा.