यंत्रमानव घरीं येतांना



गेल्या वर्षीं आमच्या घरीं जमीन झाडणारें एक यंत्र आलें. थाळीएवढें, चपटें आणि काळें. आमच्या आत्याबाईंचें वय ८२. पहिल्या दिवशीं त्यांनीं पाय वर घेऊन पलंगावर बैठक मारली आणि "हे मेलं पायांत येतंय" असा निषेध नोंदविला. महिन्याभरांत मात्र तें कपाटाखालीं अडकून केविलवाणा आवाज करूं लागलें कीं, काठी टेकीत जाऊन त्याला सोडविण्याचें काम त्यांनीं स्वतःकडे घेतलें. पुढें तें बिघडलें. बदलीं नवें यंत्र देण्यास दुकानदार तयार होता. पण आत्याबाई रागावल्या. "नवं कशाला? आपलंच नीट करून आणा." यंत्र घडविणाऱ्यानें चाकांचा आणि झाडूचा विचार कसून केला होता, आत्याबाईंचा केला होता असें दिसलें नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें या राहून गेलेल्या विचाराविषयीं.

हालणाऱ्या वस्तूंत मन पाहण्याची माणसाची खोड जुनी आहे. १९४४ सालीं फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल यांनीं अमेरिकेंत एक लहानसा मूकपट आपल्या प्रयोगासाठीं तयार केला. त्यांतलीं पात्रें म्हणजे दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन. पहिल्या ३४ प्रेक्षकांपैकीं एकानेंच तो भूमितीच्या भाषेंत सांगितला. बहुतेकांना पडद्यावर माणसेंच दिसलीं. कोणी पाठलाग करीत आहे, कोणी लपत आहे, कोणी भांडत आहे. त्रिकोणाला जर आपण स्वभाव बहाल करतों, तर आपला आवाज ऐकून मान वळविणाऱ्या यंत्राला काय काय बहाल करूं!

तेव्हां यंत्राला हुबेहूब माणसाचें रूप दिलें कीं काम झालें, असें कोणाला वाटेल. तोकियोच्या तंत्रविद्यालयांतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनीं १९७० सालीं एका छोट्या लेखांत याला हरकत घेतली. यंत्र जसजसें माणसासारखें दिसूं लागतें, तसतशी त्याच्याविषयींची आपुलकी वाढते. परंतु सारखेपणा जवळजवळ पुरा होतां होतां ती एकाएकीं कोसळते आणि तिच्या जागीं शिसारी येते. या घसरणीला त्यांनीं दरी म्हटलें. त्यांनीं उदाहरण दिलें तें कृत्रिम हाताचें. दिसावयास अगदीं खरा. पण हातांत घ्यावा तर थंडगार, जणूं हाडेंच नसलेला, आणि अंगावर कांटा येतो. उलट जपानांतील बुनराकु बाहुली जवळून पाहतां माणसासारखी नसते, तरी रंगभूमीवर तिचें दुःख आपलें होतें. आपल्याकडील कळसूत्री बाहुलीचीही तीच गोष्ट. म्हणून मोरींचा सल्ला असा कीं, रचनाकारानें दरीच्या अलीकडेच थांबावें. चष्मा कोठें डोळ्यांसारखा दिसतो? तरी तो चेहऱ्याला शोभतो. पुढील सर्वच प्रयोगांत मोरींची रेषा त्यांनीं काढली तशीच उतरली आहे असें नाहीं. पण तो शहारा पुष्कळांच्या अनुभवाचा आहे.

ताकानोरी शिबाता या दुसऱ्या जपानी संशोधकाला अशीच अडचण प्राण्यांच्या बाबतींत आली. त्यांनीं आधीं यांत्रिक मांजर करून पाहिलें. पण मांजर सर्वांच्या ओळखीचें. लोक त्याची खऱ्या मांजराशीं तुलना करीत आणि निराश होत. म्हणून त्यांनीं सीलाचें पिल्लूं निवडलें. तें मांडीवर घेऊन कोण बसलें आहे! त्यामुळें तुलना आपोआप टळली. 'पारो' असें त्याचें नांव. पांढरी लव, वजन सुमारें २.७ किलो, म्हणजे नवजात बालकाएवढें. कुरवाळलें कीं तें डोळे मिटतें. वीज भरावयाची तीही बाळाच्या चोखणीच्या आकाराच्या खुंटीनें, तोंडांतून. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या शुश्रूषेंत त्याचा उपयोग होतो, आणि २००९ सालीं अमेरिकेंत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

येथपर्यंत मी कौतुकच करीत आलों. पण त्या वृद्धेला सील खरा वाटला तर तिला फसविलें असें होतें कीं नाहीं? तिचा हात शांत झाला, हें खरें. मात्र तिच्या मांडीवर पारो ठेवून मुलानें भेटीस येणें सोडलें, तर त्या यंत्रानें मुलाची सोय केली, आईची नव्हे. ज्यांचीं मुलें दूर देशीं आहेत, अशा घरांना हा प्रश्न परका नाहीं.

माया जडविली कीं तिच्या मागून येणारी जबाबदारीही पत्करावी लागते. १९९९ सालीं सोनी कंपनीनें 'आयबो' नांवाचा यांत्रिक कुत्रा विक्रीस काढला. २००६ सालीं उत्पादन थांबलें, २०१४ सालीं कंपनीची दुरुस्तीही बंद झाली. आणि २०१५ सालीं चिबा प्रांतांतील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरांत अशा कुत्र्यांचे अंत्यविधि झाले. पुष्कळांना हें हास्यास्पद वाटतें. मला वाटत नाहीं. ज्यानें शेपटी हालविणारी वस्तु मुद्दाम घडविली, त्यानें सुटे भाग किती वर्षें मिळतील हें विकतांनाच सांगावयास हवें होतें. आणि बंद करूं गेल्यास रडणारें, विनवण्या करणारें यंत्र कोणी विकूं लागला, तर त्याला मी कारागीर म्हणणार नाहीं.

आमचें यंत्र पंधरा दिवसांनीं दुरुस्त होऊन आलें. मोटार नवी, चाकें नवीं, विजेचा सांठाही नवा. जुनें काय तें वरचें झांकण. मीं हें आत्याबाईंना मुद्दाम सांगितलें.

"झाकण तर आपलंच आहे ना?" असें म्हणून त्यांनीं पदरानें तें पुसलें.