पटावर चौदा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

तीस वर्षांनी भेटूनही मला ‘ए चष्मेवाली’ म्हणूनच हाक मारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला ‘संगणक युगातील शिक्षण’ असा विषय दिला होता. आयोजकांची माफी मागून तो बाजूला ठेवते. मला माझ्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेबद्दल बोलायचं आहे. मागच्या महिन्यात तिथे गेले होते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पटावर चौदा मुलं.

आमच्या बॅचची दहावी १९९६ ची. तेव्हा गोंदिया जिल्हा व्हायचा होता, आपल्या दाखल्यांवर भंडारा लिहिलेलं आहे. त्याच्या सहा वर्षं आधी, १९९० ला, आमच्या गावातून आम्ही आठ मुली चौथी पास झालो. पाचवीला या शाळेत आलो तिघीच. अंतर सहा किलोमीटर, मध्ये नाला, नाल्यापलीकडे जंगल. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गणितात माझ्यापेक्षा पक्की होती. पावकी-निमकी मी तिच्याकडून शिकले. गुरुजी तिच्या घरी गेले, तेव्हा तिच्या मायनं एवढंच विचारलं, “एवढ्या दूर पोरीले कायले पाठवाचं जी?” गुरुजींकडे उत्तर नव्हतं. त्याच पावसाळ्यात ती रोवणीला जायला लागली. माझ्या बाबांकडे सायकल होती आणि ते मला सोडून देत. मी इंजिनिअर झाले त्यात माझ्या हुशारीइतकाच त्या सायकलचा वाटा आहे.

आता आजचं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणं समोर होती. राज्यात अशा शाळा चौदा हजारांवर आणि त्यांतली मुलं पावणेदोन लाखांहून जास्त. ओरड झाली, शाळा बंद करणार नाही असं सरकारकडून सांगण्यात आलं. पण मार्च २०२४ ला शिक्षकांच्या संचमान्यतेचे निकष बदलले, त्यातही वीस हा आकडा होताच. शाळा बंद करायला कुलूपच लागतं असं नाही. शिक्षकाचं पद गेलं की पालक स्वतःच मुलाचा दाखला मागतात.

मी पोटासाठी माहितीचे तक्ते हाताळणारी सॉफ्टवेअर बनवते. ‘पट वीसपेक्षा कमी असेल तर वेगळं काढ’ ही अट लिहायला मला एक ओळ पुरते. अर्ध्या मिनिटात यादी तयार. त्या तक्त्यात शौचालयाचा रकाना असतो, विजेचा असतो. नाल्याचा नसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. ते एक किलोमीटर जुलैतही एकच राहतं का, हे देवरी-सालेकसाकडच्या माणसाला विचारा.

समूह शाळेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. एका खोलीत चार वर्ग मी स्वतः काढलेत. गुरुजी जनगणनेला गेले की आम्ही बोडीवर. वर्गात दोनच मुलं असली तर खेळायला कोण, चुरस कोणाशी? मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळते, ग्रंथालय मिळतं, हे खरं आहे. सहावीच्या मुलाला बसनं पाठवा, माझी हरकत नाही. मोठ्या मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बसगाड्या सुरू झाल्या, त्यांतून कितीतरी पोरी बारावीपर्यंत पोचल्या. पण सहा वर्षांचं लेकरू पावसात फाट्यावर बसची वाट बघत उभं राहणार नाही. त्याची माय त्याला घरीच ठेवेल.

आणि पट काही एकट्या सरकारनं कमी केला नाही. माझ्या भावाची दोन्ही मुलं रोज व्हॅननं इंग्रजी शाळेत जातात. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात आहे. चौदाचे सोळा माझ्याच घरातून झाले असते. हे बोलताना मला बरं वाटत नाही, पण इथे नाही बोलायचं तर कुठे?

आपल्या निधीतून एखाद्या शाळेला स्मार्ट बोर्ड द्यावा असा ठराव आज येणार आहे. या हॉलमध्ये माझ्याइतका संगणकावर जगणारा माणूस कमी असेल, तरी मी त्याच्या विरोधात हात वर करणार आहे. आधी एक काम करू. आपल्या आसपासच्या वीसच्या आतल्या शाळांची यादी मी काढून आणली आहे. प्रत्येक टोल्यापासून, म्हणजे वस्तीपासून, पुढच्या जवळच्या शाळेपर्यंत पायी चालून अंतर मोजायचं. एकदा आत्ता, एकदा पावसाळ्यात. मध्ये नाला किती, पूल आहे का, जंगल किती, सगळं लिहायचं. ते कागद त्या त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे द्यायचे, म्हणजे प्रस्ताव आला तर ठरावासोबत जोडायला काहीतरी हातात असेल. मोबाइलवर नोंद कशी करायची ते मी जेवणानंतर दाखवते.

माझ्या गावचा रस्ता मी उद्या सकाळी चालणार आहे. ती पावकी-निमकी शिकवणारी मैत्रीण सोबत येते म्हणाली आहे. तिची नात यंदा पहिलीत गेली. चौदातली एक.