चुळबुळ दिवसा, कारण रात्री

झोप कमी झाली की मोठी माणसं पेंगतात. लहान मुलांचं पुष्कळदा उलटंच होतं. ती जास्त चुळबुळतात, चिडतात. मग शाळेत 'लक्ष नाही' असा शेरा मिळतो, घरी ओरडा बसतो. या मुलांसाठी जीव तुटतो, कारण काहींच्या चुळबुळीचं मूळ रात्रीच्या झोपेत असतं.

तुमचं मूल रोज घोरतं का? तोंड उघडं ठेवून झोपतं का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढल्या की श्वास अडतो, मेंदू क्षणभर जागा होतो. हे रात्रभर चालतं, आणि सकाळी मुलाला काहीच आठवत नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४६४ मुलांच्या अभ्यासात या ग्रंथी काढल्यावर वागणूक सुधारली. लक्षाच्या चाचण्यांत मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणून घाईने निष्कर्ष नको. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांनाही अनेकदा झोप उशिरा लागते; तेव्हा चुळबुळीचं कारण तेही असू शकतं.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं शाळांना सांगितलं. मूल रोज घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि जाताना त्याच्या घोरण्याचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर जरूर घेऊन जा.